व्हर्जिनियातील लष्करी पेन्शनधारक सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

व्हर्जिनियाचं २०२५ सालचं राज्य आयकर विवरण भरायची शेवटची तारीख १ मे २०२६ आहे. अमेरिकन सैन्यातून निवृत्त झालेल्यांना पेन्शनपैकी ४०,००० डॉलरपर्यंतची रक्कम राज्याच्या करपात्र उत्पन्नातून वगळता येते. पूर्वीची ५५ वर्षांची अट २०२४ पासून गेली, तेव्हा वय कमी म्हणून कुणी मागे राहू नका.

- सवलत आपोआप लागत नाही. फॉर्म ७६० (राज्याचं आयकर विवरणपत्र) सोबत शेड्यूल एडीजे या जोडपत्रात मागावी लागते.
- मायपे या लष्करी पगार-पेन्शनच्या वेबसाइटवरून १०९९-आर (वर्षभरात मिळालेल्या पेन्शनचा करासाठीचा फॉर्म) आधीच काढून ठेवा.
- फेडरल कर मात्र भरावाच लागतो.

दिवंगत सैनिकाच्या जोडीदाराला सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅनमधून मिळणाऱ्या रकमेलाही हीच सवलत आहे. अशा घरी कृपया स्वतः फोन करून कळवा.