झोपाळ्याला तेल घालू नका

पुणे, रविवार, रात्री दीड

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

एकाच घरात, मधे फक्त एक भिंत असताना पत्र लिहायचं म्हणजे जरा नाटकीच आहे. पण मला येऊन बारा दिवस झाले आणि बारा दिवसांत मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा दूधवाला आला. दुसऱ्यांदा बाबा म्हणाले, "आधी जेवून घे, आमटी निवतेय." तिसऱ्यांदा आईनंच विषय शेजारच्या काकूंच्या गुडघ्यावर नेला. मला वाटतं, तिला कळलं होतं. म्हणून हे पत्र. सकाळी चहाच्या डब्यावर ठेवीन. बाबा, लाल पेन घेऊन वाचलंत तरी चालेल.

सांगायचं ते असं, की पोलंडमधला, वूचचा माझा कोर्स संपलाय. फेब्रुवारीतच संपला. "थोडं प्रोजेक्ट बाकी आहे" असं मी फोनवर म्हणत होते, ते खोटं होतं. त्या तीन महिन्यांत मी तिथे सिनेमासाठी आवाज तयार करण्याचं काम करत होते आणि ते काम आता पक्कं झालंय. बुधवारी मी जाणार ती शिकायला नाही, राहायला. दोन वर्षांनी परत, असं आपलं ठरलं होतं. ते मी मोडतेय.

हे वाचून झाल्यावर आई चहा ठेवेल आणि बाबा चष्मा पुसतील. पुसून झाला की पुढे वाचा.

बाबा, तुमच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर "घरातून गेलेल्या वस्तू" अशी यादी आहे, ती मी पाहिली. आजोबांच्या खडावा, मोठा अडकित्ता, तुमची टाच झिजलेली कोल्हापुरी, आईची खळ घातलेली पांढरी सुती साडी, दळणाच्या डब्याचं झाकण. पुढे कंसात "कु. मनू?" असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय. सगळ्या माझ्याकडेच आहेत. भंगारात नाही घातल्या, कामाला लावल्यात.

सिनेमात बाई जिना चढते तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा तिची नसतात. शूटिंगला माईक संवादांवर रोखलेला असतो. पावलं, पदर, कपबशी, किल्ल्या, उशीवर डोकं टेकणं, हे सगळं नंतर बंद खोलीत, समोर पडद्यावर बघत, कुणीतरी पुन्हा करतं. बोलपट नवे होते तेव्हा हॉलिवूडमध्ये जॅक फॉली नावाचा माणूस हे करायचा, त्याचंच नाव कामाला चिकटलं. शेजारचे काका विचारत होते, "सिनेमात म्हणजे, काम करतेस का?" हो काका, करते. फक्त दिसत नाही.

आमच्या खोलीच्या जमिनीत चौकोन आहेत. एकात लाकडी फळ्या, एकात फरशी, एकात वाळू, एकात खडी. मी ज्यांच्या हाताखाली आहे त्या साठीच्या बाई आहेत. पोलिशमध्ये बाईंना "पानी" म्हणतात आणि शाळेतली मुलंही शिक्षिकेला तेच म्हणतात, अगदी आपल्या "बाई"सारखं. या बाईंनी पहिल्या आठवड्यात मला माईकला हात लावू दिला नाही. नुसतं चाल म्हणाल्या. चालले. "तू शहरातल्या मुलीसारखी चालतेस. ही बाई चार किलोमीटर चालून आली आहे. तिचे पाय घरी पोचलेत, ती अजून नाही." त्या एका जिन्याला दिवस गेला. चौदा पायऱ्या होत्या.

बर्फाचं सांगते, आईला आवडेल. बाहेर उणे आठ, खिडकीच्या कडेला वीतभर बर्फ साचलेला, आणि आत आम्ही कापडी पिशवीत बटाट्याचं स्टार्च भरून मुठीत दाबत बसलो होतो. खरा बर्फ खोलीत आणला की वितळून चिखलासारखा वाजतो. स्टार्च मात्र असं करकरतं, की ऐकूनच पायाला गारठा यावा. आणि तो अडकित्ता? जुन्या काळची एक गोष्ट होती, आगगाडीत टीसी तिकिटाला भोक पाडतो. ते भोक आईच्या अडकित्त्यानं पाडलंय. बाईंनी तीनदा ऐकलं आणि विचारलं, हे कुठलं पंच आहे? मी म्हटलं, सदाशिव पेठेतलं. सुती साडी एका नर्सचा एप्रन झाली. खडावा अजून कशाला लागल्या नाहीत, पण मी आशा सोडलेली नाही.

आता बाबांचा प्रश्न, जो त्यांनी मला न विचारता परवा आत्याला फोनवर विचारला: हे इथे होत नाही का? लॉ कॉलेज रोडवरून फिरायला नेताना तुम्हीच तर सांगायचात, प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली, 1933 साली पुण्यात आली, आणि त्याच जागेत पुढे 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दामलेमामा प्रभातमध्ये आवाजाचं काम बघायचे, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. मग घराजवळचं सोडून पोलंड?

इथे होतं, बाबा. मी मुंबईत अडीच वर्षं केलंच की. पण फॉलीची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तोपर्यंत पैसे आणि तारीख दोन्ही संपत आलेली असतात. एका आठवड्यात दोन सिनेमे केलेत मी. नायिका आणि तिची सासू एकाच चपलेत चालवल्या आहेत. अंधेरीच्या एका स्टुडिओनं चार महिन्यांचे पैसे दिले नाहीत, तेव्हा आईनं गुपचूप भाडं भरलं होतं. ते बाबांना आत्ता कळतंय. सॉरी, आई.

तिकडे सोनं लागलंय असं नाही. वूच हे गावच पडझडीतून उठलेलं आहे. आधी कापडगिरण्यांचं शहर. युद्धात वॉर्सा जमीनदोस्त झालं, वूच बरंचसं उभं राहिलं, म्हणून सिनेमावाले तिथे आले. 1948 साली फिल्म स्कूल निघालं. आंद्रे वायदा, रोमन पोलान्स्की तिथलेच. नव्वदीच्या दशकात सरकारी स्टुडिओ मोडकळीला आला आणि आज बरंचसं काम वॉर्सालाच असतं. पण रेल्वेनं जेमतेम दीड तास, डेक्कन क्वीनच्या निम्म्यानं. मी आठवड्यातून दोनदा जाते. एक गोष्ट मात्र मला खरंच हेवा वाटावा अशी आहे. सिनेमागृहं, टीव्ही वाहिन्या, केबलवाले या सगळ्यांच्या उत्पन्नातला दीड टक्का कायद्यानं तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे जातो, 2005 पासून. त्यातून पोलिश सिनेमे निघतात. पोलंडची सगळी वस्ती चार कोटींच्या आत. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारेच आठ कोटींच्या वर होतो आपण! जाऊ दे, यावर बोलायला लागले की मी बाबांसारखी बोलते.

गावाचं नाव बाबा "लोड्झ" वाचतात, आत्या अजून "हॉलंड" म्हणते. वूच. एलवर आडवी रेघ मारली की त्याचा व होतो. अर्थ होडी. गावाच्या चिन्हातही होडी आहे, आणि नद्या जमिनीखालून पाइपात घातलेल्या. आपला आंबील ओढा निदान पावसाळ्यात दार ठोठावतो.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. तुझ्या लग्नाचा बस्ता गांधीनगरला बांधला होता ना? ती सिंधी लोकांची वसाहत होण्याआधी तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. वळिवडे कॅम्प, 1943 ते 1948, पाचेक हजार माणसं. तुझं सगळं माहेर तिथलं आणि मला हे कळलं वूचमधल्या चाव्या करणाऱ्याच्या टपरीवर. म्हाताऱ्यानं विचारलं, कुठली तू? मी म्हटलं, इंडिया. त्यावर तो मुंबई म्हणाला नाही, दिल्ली म्हणाला नाही. म्हणाला, "कोल्हापूर?" त्याची मोठी बहीण लहानपणी तिथे होती. किल्लीचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

भाषा येते आता, मोडकीतोडकी. बाबांनी विभक्ती पाठ करून घेतल्या होत्या त्या अशा कामाला येतील असं वाटलं नव्हतं. पोलिशला सात विभक्ती आहेत. वर्गातला स्पॅनिश मुलगा रडकुंडीला आला होता, मी प्रथमा, द्वितीया म्हणत बसले. फक्त पंचमी नाही त्यांच्यात. ऊन, हून नाही. "घरून" म्हणायचं तर षष्ठीकडून उसनं घ्यावं लागतं. हे मला मध्यरात्री गृहपाठ करताना लक्षात आलं, आणि तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला होता. पण इथे पहाट झाली असती.

रात्री टीव्ही लावते, कान तयार व्हावा म्हणून. परदेशी सिनेमा लागला की एकच पुरुष सगळ्यांचे संवाद वाचतो, नायक, नायिका, लहान मूल, सगळ्यांचे, एकाच संथ आवाजात. मागे मूळ आवाज बारीक ऐकू येत राहतो. आकाशवाणीच्या बातम्या ऐकत प्रेमप्रकरण बघावं तसं. बाबा, तुम्हाला फार आवडेल. तुम्हाला कुणी आवाज चढवलेला खपत नाही.

आता जे आवडणार नाही ते. नोकरी नाही, करारावर काम आहे. वस्तू करून द्यायची, पैसे घ्यायचे. पीएफ नाही. आरोग्य विम्याचा हप्ता मी स्वतः भरते. काही महिन्यांत भरपूर काम, काही महिन्यांत बाई म्हणतात, जा, पोलिश शीक. पदवी तिथलीच असल्यामुळे कामाचं परमिट लागत नाही, पण रहिवासाच्या कार्डासाठी कचेरीत खेटे आहेत. बाबांनी सेवापुस्तकाच्या चकरा मारल्या होत्या तसेच. लग्नाचं विचारू नका. मला माहीत नाही, हे खरं उत्तर आहे.

आणि डोळ्यांचं. बाबा, तुमच्या दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झाली, मधे दीड महिना गेला, आणि मला कळलं ते काकांच्या मुलानं टाकलेल्या फोटोतून. काळा चष्मा लावून तुम्ही दिवाळीचा कंदील लावत होतात. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. चिडले होते. फोन केला तर आई म्हणाली, "तुला कशाला टेन्शन." म्हणजे मी कोर्सचं खोटं बोलले, त्याच्या आधीच तुम्ही डोळ्यांचं खोटं बोलला होतात. यावर मला तोडगा सुचलेला नाही. फक्त एवढं करा, पुढचं काही असेल तर आधी सांगा. मी यायचं की नाही ते मला ठरवू दे. तिकिटापुरते पैसे मी वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावत नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये या. थंडीत नको. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, बाबांना फिरायला लांबलचक पिओत्रकोव्स्का रस्ता आहे, सरळ, चार किलोमीटरहून जास्त. हॉर्न नाहीत. आई, बटाट्याचं स्टार्च दर दुकानात मिळतं, साबुदाणा मात्र आणावा लागेल.

एक शेवटचं काम आहे. या बारा दिवसांत मी घर रेकॉर्ड करतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल. बाबांचं पहाटेचं खाकरणं आणि बंब असताना ठेवत तसं आपटून ठेवलेलं तपेलं. आईचं विळीवर खोबरं खवणं, मधेच थांबून तिचं रेडिओला उत्तर देणं. मोरीच्या दाराची कडी. हे कुठल्या सिनेमाला लागेल माहीत नाही. कदाचित लागणारच नाही.

पण मला सगळ्यात हवा होता तो झोपाळा. त्या डाव्या कडीचा आवाज, खाली जाताना एक आणि वर येताना वेगळा. परवा रात्री माईक लावून बसले तर झोपाळा गप्प. सकाळी आई म्हणाली, "तुझी झोपमोड नको म्हणून बाबांनी दोन्ही कड्यांना तेल घातलं, स्टुलावर चढून."

बाबा, स्टुलावर चढत जाऊ नका. आणि आज रात्री मी त्या कड्या फडक्यानं पुसून कोरड्या केल्यात. मंगळवारपर्यंत बोलायला लागतील असं वाटतंय. तोपर्यंत तेलाची कुपी मी लपवून ठेवली आहे, शोधू नका.

तुमची,
मनू

ता. क. नवीन अडकित्ता आणलाय, फडताळात वरच्या खणात आहे. त्याचा आवाज चांगला नाही, पण सुपारी कातरतो.