अर्थ लागला, काका!

लॅरमी, वायोमिंग

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर धन्यवाद म्हटलं की तुम्ही एक अंगठा पाठवता आणि विषय मिटवता. समोर म्हणावं तर "हे काय नवीन" म्हणून काकूंकडे बघता. म्हणून माझ्या गाडीवर रेडिओची अँटेना लावून घेतलीत त्याबद्दल हे पत्र, सगळ्यांदेखत. शिवाय इकडे पिकअप चालवणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. त्यातल्या एखाद्याचा तरी एक शनिवार वाचेल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते, कारण तुम्ही ती पाहुण्यांना अर्धीच सांगता.

माझी नोकरी पवनचक्क्यांच्या देखभालीची. साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर शिकले, आता इथे. आठवड्यातले चार दिवस मी लॅरमी ते रॉलिन्स, आय-80 महामार्गाच्या पट्ट्यात असते. हा पट्टा 1970 मध्ये सुरू झाला तेव्हापासून वाऱ्याबर्फासाठी बदनाम आहे. ट्रकवाले त्याला ‘स्नो ची मिन ट्रेल’ म्हणतात. इथे बर्फ पडायचा थांबला तरी सुटका नाही. वारा तोच बर्फ माळावरून उचलून रस्त्यावर आणतो, आणि बघता बघता पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे होतात. मोबाईलची रेंज तर नेमकी तिथेच जाते. साइटवरचे एक जुने गृहस्थ म्हणाले, सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडीतून आपसांत बोलायचा रेडिओ) लाव, चॅनल 19 वर ट्रकवाले बोलत असतात, पुढे काय वाढून ठेवलंय ते तासभर आधी कळतं.

लगेच रेडिओ मागवला. सोबत चुंबकाची अँटेना. छपरावर ठेवायची, केबल आत घ्यायची, झालं काम. मी चुंबक छपरावर ठेवला, तर तो ताटलीसारखा नुसता बसला. बोटानं ढकलला तर सरकला. मला वाटलं चुंबकच बाद निघाला. घरी आणून फ्रिजला लावला तर ओढून काढताना घाम फुटला. मग डोक्यात उजेड पडला: माझी एफ-150 आहे 2016 ची, आणि फोर्डनं 2015 च्या मॉडेलपासून या गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची केलीय. दीड वर्ष गाडी चालवत होते, पत्रा कसला आहे ते माहीत नव्हतं!

तेव्हा तुमची आठवण झाली. गणपतीत फोर्ट कॉलिन्सला तुमच्या लेकीकडे ओळख झाली होती, आणि पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात 31 वर्षं काढली असं तुम्ही आरतीनंतर प्रसाद खाता खाता म्हणाला होता. मी फोन केला, तर तुमचा पहिला प्रश्न काय? "लायसन्स काढलंस का?" मी म्हटलं, काका, अमेरिकेत सीबीला 1983 पासून लायसन्स लागत नाही. फोनवर बराच वेळ काही बोलला नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर वायरलेस सेटची नोंदवही सांभाळली, त्याला कुणीही उठून दुकानातून रेडिओ आणतो आणि बोलायला लागतो हे पचणार कसं? "चाळीस चॅनल, चार वॅट, आणि कुणाचा पत्ता नाही?" असं तुम्ही तीनदा विचारलंत. चॅनल 9 आणीबाणीसाठी राखून ठेवलाय हे ऐकल्यावर जरा शांत झालात.

मग अँटेनाची निवड. मी म्हटलं, सगळ्यात लांब घेऊ. तुम्ही तिथल्या तिथे तोंडी हिशेब केलात: 27 मेगाहर्ट्‌झ म्हणजे लहर 11 मीटरची, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. "आमच्या जीपवरची व्हीएचएफची काडी हातभर असायची. तुझी नऊ फुटांची. लावायचीच तर सोबत साखरेची गाठी आणि कडुलिंब पण बांध, गुढीच होईल." हसून हसून पुरेवाट झाली, पण मुद्दा पोचला. तशी स्टीलची 102 इंची काडी इथे मिळते आणि ती उत्तमच चालते. फक्त ती घेऊन कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूत शिरायचं नाही.

तुम्ही सुचवलीत ती चार फुटी फायबरग्लासची. आत तार गुंडाळलेली, म्हणजे लांबी आहे तितकीच, फक्त रिळाला गुंडाळून ठेवल्यासारखी. टोकाला स्क्रू, तो फिरवून लांबी कमीजास्त करता येते. मोठ्या ट्रकांसारख्या दोन आरशांना दोन लावू का, असंही मी विचारलं होतं (दिसतात छान, खोटं कशाला बोलू). तुम्ही म्हणालात, दोघींत साधारण नऊ फुटांचं अंतर नसेल तर त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. माझी गाडी आडवी साडेसहा फूट. विषय संपला.

जागेवरून आपलं खरं भांडण झालं. तुमचं म्हणणं, छपराच्या मधोमध भोक पाड, चारी बाजूंना पत्रा मिळतो, आवाज सगळीकडे सारखा जातो. शास्त्र तुमच्या बाजूनं होतं, पण गाडीचा हप्ता मी भरते. मागच्या हौद्याच्या कडेला लावायचा माझा बेत तुम्ही मोडीत काढलात, कारण हौदा केबिनपासून वेगळा, त्याचा बॉडीशी चांगला विजेचा संबंध असेलच असं नाही. शेवटी ठरलं ते बॉनेटच्या कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला, मडगार्डच्या बोल्टमध्ये बसणारं ब्रॅकेट. भोक नको, काही नको. काडीच्या टोकाची उंची जमिनीपासून आठ फूट. ज्या दिशेला पत्रा जास्त त्या दिशेला आवाज जास्त जाणार, म्हणजे माझा मागे उजवीकडे जास्त जाणार, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत.

तुम्ही म्हणाला होता, मी आल्याशिवाय हात लावू नकोस. मी लावला.

शुक्रवारी रात्री टॉर्च तोंडात धरून सगळं बसवलं. मीटर जोडला, माईकचं बटण दाबलं, तर एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती परत येतं त्याचं माप, 1 च्या जितकं जवळ तितकं बरं) काटा 3 च्या पार, लाल पट्ट्यात जाऊन टेकला. तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला आणि काटा नीट दिसावा म्हणून बटण दाबूनच धरलं. तुम्ही इतक्या जोरात "बटण सोड आधी!" म्हणालात की आतून काकू आल्या. मला तेव्हा कळत नव्हतं. एसडब्ल्यूआर 3 म्हणजे पाठवलेल्यातली पाव ताकद अँटेनाकडून परत येते, आणि त्याहून बिघडलं तर रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो. रेडिओ वाचला ही तुमच्या घशाची कृपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंना गाडी काढायला लावून तुम्ही 65 मैल आलात. हातात तो पिवळा मल्टीमीटर, नाशिकहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेला. चहासुद्धा नको म्हणालात. मला वाटलं, आता तुम्ही पाना घ्याल आणि दहा मिनिटांत सगळं नीट कराल. तुम्ही खुर्ची मागून घेतलीत आणि म्हणालात, "हं, अँटेना काढ. केबल रेडिओतून काढ. आता प्लगच्या मधल्या पिनला लाल लाव, बाहेरच्या कड्याला काळी." बीप वाजला. "वाजायला नको होता. शोध."

माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर मी तो स्टड तीनदा सोडवला. ब्रॅकेटच्या भोकातून जाणारा जाड बोल्ट, खाली केबल, वर अँटेना. मध्ये एक पांढरा नायलॉनचा वॉशर, रुपयाच्या नाण्याएवढा, एका बाजूला टोपीसारखी कड असलेला. ती कड भोकात बसायला हवी, म्हणजे बोल्ट चारी बाजूंनी ब्रॅकेटपासून सुटा राहतो. मी तो उलटा घातला होता आणि वरून पाना लावून असा आवळला होता की कड पार चेपली होती. बोल्ट सरळ ब्रॅकेटला टेकत होता. म्हणजे अँटेनात जायचं ते सगळं थेट गाडीच्या पत्र्यात! किटमध्ये एक जादा वॉशर होता तो घातला. बीप बंद. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त चेपलेला वॉशर उचलून खिशात टाकलात.

मग उलटी परीक्षा. एक प्रोब ब्रॅकेटला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे बीप हवा होता, आणि तो नव्हता. ब्रॅकेटवर काळा रंग, मडगार्डवर रंग, आणि मी रंगावर रंग ठेवून बोल्ट आवळले होते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "अर्थ नाही, तर या सगळ्याला अर्थ नाही." (पहिला अर्थ अर्थिंगचा.) हा विनोद तुम्ही खात्यात नव्या पोरांवर 31 वर्षं केला असणार, याबद्दल मला शंका नाही. पण कानसनं रंग खरवडताना तो मला पहिल्यांदा खरा कळला. मी आठवडाभर चांगली अँटेना कोणती हे शोधत होते. काडी म्हणजे अर्धीच अँटेना असते, दुसरी अर्धी खालची गाडी, आणि तिलाच मी जोडलं नव्हतं. ॲल्युमिनियम खरवडलं की हवेनं लगेच त्यावर पापुद्रा धरतो, म्हणून तुम्ही लगोलग ग्रीस लावायला लावलंत, दातेरी वॉशर घालायला लावलात, आणि मडगार्डपासून चॅसीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी ओढायला लावलीत. इथे हिवाळ्यात रस्त्यावर वाळूत मीठ मिसळून टाकतात. स्टील, ॲल्युमिनियम आणि मीठ एकत्र आले की काय होतं ते तुम्हाला मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जीपांवरून पाठ होतं.

केबलचं आणि पॉवरचं तुम्ही पाच मिनिटांत उरकलंत: दाराच्या फटीतून नको, चेपेल, डॅशबोर्डमागच्या रबरी बुचातून घे, वायर थेट बॅटरीवरून आण आणि फ्यूज बॅटरीशेजारीच ठेव.

काटा लावायला मात्र आपण स्टेडियमच्या रिकाम्या पार्किंगात गेलो. आजूबाजूला भिंत नको, गाडीचं दार उघडं नको, अँटेनाजवळ माणूस नको. जावईबापू फोटो काढायला जवळ येत होते, त्यांना तुम्ही हातानंच हाकललंत. चॅनल 1 वर 1.9, चॅनल 40 वर 1.4. मी म्हटलं, म्हणजे लांब झाली का? "पहिला चॅनल खर्जातला. खर्जाला लांब तार लागते. तिथे जास्त दाखवतोय म्हणजे तुझी तार आखूड पडतेय. चाळीसवर जास्त असता तर लांब झाली म्हणालो असतो." टोकाचा स्क्रू बाहेरच्या बाजूला दोन फेरे. पुन्हा मोजलं. आणखी एक फेरा. 1 वर 1.5, 19 वर 1.2, 40 वर 1.5. तुम्ही खुर्ची घडी केलीत आणि म्हणालात, "आता चहा."

ही झाली ऑक्टोबरातली गोष्ट. तुम्ही नोव्हेंबरात परत गेलात, म्हणून पुढचं तुम्हाला नीट सांगितलं नाही.

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी मी पश्चिमेला चालले होते. आर्लिंग्टनच्या अलीकडे, आभाळ निळं, रस्ता मात्र गुडघाभर उंचीपर्यंत पांढऱ्या धुरात. चॅनल 19 वर एक ट्रकवाला समोरच्या दिशेनं येत बोलला की आर्लिंग्टनच्या पुढे रिकामा ट्रेलर वाऱ्यानं आडवा झालाय, दोन्ही लेन बंद, मागच्यांना काही दिसत नाहीये. मी आर्लिंग्टनला बाहेर पडले. फोनवर तोवर काहीच आलं नव्हतं. मग माईक उचलला आणि माझ्या मागून येणाऱ्यांसाठी तेच पुन्हा सांगितलं. घसा कोरडा पडला होता, इंग्रजी अडखळलं. चारपाच मैल मागून एकानं "टेन-फोर" (म्हणजे ऐकलं, समजलं) म्हटलं, मग दुसऱ्यानं. तिसऱ्यानं विचारलं, आवाज खणखणीत येतोय, कोणती अँटेना लावलीस? मी सांगितलं, चार फुटी, साधीच, पण एका निवृत्त पोलिसानं माझ्याकडून लावून घेतलीय. त्याला ते किती कळलं देव जाणे. बाहेर पडलेल्या ट्रकांची रांग तिथे तीन तास उभी होती. मी मोजायला गेले नाही, पण त्यातले काही माझं ऐकून वळले असतील.

काका, तुम्ही त्या दिवशी पाना हातात घेतला असतात तर माझं काम दुपारच्या आत झालं असतं. आणि गेल्या महिन्यात साइटवरच्या एका मुलाची अँटेना बिघडली तेव्हा मी त्याला तुमचा नंबर दिला असता. तशी वेळ आली नाही. मीही खुर्ची मागून घेतली. (त्याचाही वॉशर उलटा होता. मी अजिबात हसले नाही, हे काकूंना सांगा.)

एक राहिलं. तुम्ही नाशिकला बॅग उपसून ज्या मल्टीमीटरचा शोध घेताय, तो माझ्या ग्लोव्हबॉक्समध्ये आहे. बॅटरी नवीन घातलीय. मे महिन्यात याल तेव्हा तो देते, आणि तुम्ही माझा तो चेपका वॉशर परत आणा. जुन्या खात्यातल्या लोकांना दाखवून झाला असेल एव्हाना.

तुमची,
पवनचक्की