आधी ब्रेक, मग इंजिन

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुट्टीत आल्याबरोबर आपल्या जुन्या अमेरिकी लष्करी ट्रकचं, जीएमसीचं, इंजिन सुरू करायचं, असं तू ठरवूनच टाकलेलं दिसतंय. बोनेट उघडलं की माझेही हात शिवशिवतात. तरी आपण आधी ब्रेक करू, मग इंजिन.

आपला ट्रक सीसीकेडब्ल्यू मॉडेलचा. तो रिकामा असला तरी चार टनांच्या आसपास भरतो, आणि त्याचे सगळे हायड्रॉलिक ब्रेक एकाच लाइनवर आहेत. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल तळाला जातं आणि सगळेच ब्रेक जातात. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत सिलिंडरमधलं रबर कडक झालेलं असतं, आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडलेले असतात. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि ब्रेकचा जोर वाढवणारा हायड्रोव्हॅक, सगळं खोलायचं. नळ्या तर सरसकट नव्याच घालू. बाहेरून धड दिसणाऱ्या जुन्या नळीवर माझा विश्वास नाही.

चाकं काढताना माझी वाट बघ. डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. जोर लावून स्टड तोडू नकोस. जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, आधी चासीखाली भक्कम स्टँड. आणि बाकी सगळं विसरलास तरी एक लक्षात ठेव: टायर चाकावर लोखंडी रिंगने अडकवलेले आहेत. गंजलेली रिंग हवेच्या दाबाने सुटली तर माणूस जागीच जातो. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय नटांना पाना लावायचा नाही, आणि हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यातच. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने टिपून घेऊ.

इंजिनाचं काम तोवर थांबणार नाही. प्लग काढून सहाही सिलिंडरमध्ये तेल सोडलंय, ते मुरू दे. मग हँडलने हळूहळू फिरवून बघायचं. स्टार्टर मारलास आणि एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असला, तर पुशरॉड वाकेल. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालंय, ते कार्बोरेटरपर्यंत जाता कामा नये. वायरिंग ६ व्होल्टचं आहे. तेवढ्याच ताकदीसाठी १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी आणि अर्थिंगची जागा घासून लखलखीत हवी. अशा गाडीचा स्टार्टर मंद फिरला की लोक बॅटरीला दोष देतात. मी आधी केबल बघतो.

आधुनिक डिझेल इंजिन बसवायची तुझी कल्पना मला पटत नाही. २७० घनइंचांचं हे सहा सिलिंडरचं इंजिन हाच या ट्रकचा जीव आहे. १९४४ च्या २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ ही ट्रकांची रसदवाहतूक चालली, तेव्हा पुढे सरकणाऱ्या अमेरिकी फौजांना पेट्रोल, दारूगोळा आणि रसद बहुतांशी याच जातीच्या ट्रकांनी पोचवली. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. सैन्यात वेगळ्या तुकड्यांत ठेवलेली ही माणसं रात्रंदिवस गाड्या हाकत होती. अडीच टनांच्या ट्रकांवर त्याहून कितीतरी जास्त माल लादला जाई, देखभालीला सवड मिळत नसे, टायर आणि इंजिनं झिजून जात. त्या माणसांनी ज्या इंजिनावर भिस्त ठेवली, ते दुरुस्त होण्याजोगं असताना काढून टाकणं मला जमणार नाही. वेग ताशी ४५ मैलांपुढे जात नाही, तर न जावो.

रंगाचंही तसंच. ग्राइंडर लावू नकोस. बोनेटच्या बाजूचे थर पाण्याच्या पॉलिशपेपरने एकेक करून उतरवू; खाली लष्करी नोंदणीचा जुना क्रमांक सापडू शकतो. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचंच नाही, आणि तोंडाला चांगला मास्क हवा.

येण्याआधी टीएम ९-८०१ या ट्रकच्या लष्करी मॅन्युअलमधलं ब्रेकचं प्रकरण नीट वाचून ये. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या सिलिंडरचं माप त्यातून उतरवून मला कळव, म्हणजे तू येईपर्यंत रबरं मागवून ठेवता येतील.

तुझे,
बाबा