बातमीतला चाकरमानी

कणकवली

प्रिय दिगू,

वाचनालयातले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावायचं काम मी अंगावर घेतलंय, हे फोनवर बोललोच होतो. काम काही पुढे सरकत नाही, कारण मी ‘चाकरमानी’, म्हणजे पोटासाठी मुंबईला गेलेला आपल्या कोकणातला माणूस, या एका शब्दापाशीच अडकून पडलोय. पान पालटलं की तो दिसतो, आणि दरवेळी त्याच सोबत्यांबरोबर. चाकरमानी दाखल, चाकरमानी परतीच्या वाटेवर, चाकरमान्यांचे हाल. जादा गाड्या, आरक्षण, खड्डे, घाटातली कोंडी. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर हा माणूस बातमीत नाहीच. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून एसटीच्या जोडीला रेल्वेची प्रतीक्षा यादी आली, एवढाच काय तो फरक.

1982 चा गठ्ठा सोडला तेव्हा मात्र मी बराच वेळ तिथंच बसलो. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर पडले. त्या वर्षी ‘गिरणी कामगार’ पानापानावर आहे. त्याच वर्षीच्या गणपतीत ‘चाकरमानी’ही आहे. अरे, माणूस तोच ना! लालबाग-परळात गिरणीच्या फाटकाशी उभा असला की कामगार, आणि इथं एसटीतून उतरला की चाकरमानी. सात-आठ महिने पगार न मिळालेल्या माणसाने गणपती कसा आणला, हे मला त्या गठ्ठ्यात कुठे सापडलं नाही.

आपल्या वाडीला ते विचारायची गरज नव्हती. तुझे बाबा आले ते पुढे कितीतरी दिवस परत गेलेच नाहीत. मनीऑर्डर आणणारा पोस्टमन दारावरून तसाच पुढे जायचा. काकी दुसऱ्यांच्या मळ्यात लावणीला जाऊ लागल्या, आणि आपल्याला वाटायचं, बाबा घरी आहेत म्हणजे केवढी मजा.

काकींसारख्या बायकांना तर बातमीने शब्दच दिला नाही. 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे रत्नागिरीत 1122 आणि सिंधुदुर्गात 1036 बायका होत्या. बाकी महाराष्ट्रात एकही जिल्हा हजारावर नव्हता. लोक हा आकडा कौतुकाने सांगतात. मला त्यात मुंबईला गेलेले पुरुष दिसतात, आणि त्यांच्यामागे नांगरणीला माणूस शोधणारी, म्हाताऱ्यांची आजारपणं काढणारी, पोरांना शाळेत घालणारी घरधनीण दिसते.

2020 मध्ये ‘चाकरमानी’च्या शेजारी ई-पास आणि विलगीकरण येऊन बसले. मुंबईहून आलेल्या माणसाला आपल्याच गावच्या शाळेत दिवस काढावे लागले. त्या बातम्या मी भराभर उलटल्या, वाचवेनात. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तर सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावं असे निर्देश निघाले. शब्दातल्या ‘चाकर’ने ज्यांना दुखतं त्यांचा मी मान राखतो. पण आपल्याकडे ‘चाकरमानी इले’ म्हणताना चुलीवर आधण चढायचं, आणि मला तो शब्द अजूनही आपलाच वाटतो. ‘कोकणवासीय दाखल’ छापून आलं तरी उरलेल्या दहा-अकरा महिन्यांची बातमी कोरीच राहणार.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. मनीऑर्डर पोचली की घेणाऱ्याच्या सही-अंगठ्याची पावती पाठवणाऱ्याकडे परत जायची. तुझ्या बाबांनी त्या पावत्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, असं तू एकदा म्हणाला होतास. त्या असतील तर गणपतीला येताना घेऊन ये. त्या त्या वर्षाच्या गठ्ठ्याबरोबर मला त्या वाचनालयात ठेवायच्या आहेत, म्हणजे पुढे कुणी 1982 उघडलं तर त्याला संपाची बातमी आणि पैसे कुठल्या महिन्यापासून थांबले ते एकाच जागी मिळेल. मूळ द्यायच्या नसतील तर झेरॉक्स काढून घेऊ.

मात्र आधी काकींना विचार. त्यांच्या अंगठ्याच्या खुणा आहेत त्यांच्यावर, त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपला. आणि तुतारी एक्सप्रेसचं तिकीट मिळालं का ते कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
आबा