तारा तशाच, शेरा तोच : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

हलक्या विमानांच्या मार्गातल्या उच्चदाब तारांवर खुणेचे गोळे बसवू, असा शब्द आपल्या खात्याने दिला होता. एकही गोळा लागला नाही. आता आणखी एक मायक्रोलाइट (एकदोघांचे अगदी हलके विमान) तारेत अडकून कोसळले आणि चौकशीत पुन्हा तोच शेरा : 'वैमानिकाची चूक'.

चूक कशी घडते ते तरी ऐका. हवेतून मनोरे दिसतात, तारा दिसत नाहीत. जाड तारा दिसल्याच तर वैमानिक नाक वर करतो आणि त्यांच्याही वरच्या, आकाशातली वीज झेलणाऱ्या बारीक भू-तारेवर आदळतो. म्हणून वीजवाहिनी ओलांडायची ती मनोऱ्याच्या माथ्यावरून. इकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, निकष स्पष्ट आहे : गोळा किमान 60 सेंटिमीटर व्यासाचा, आणि त्या मापाच्या दोन गोळ्यांत 30 मीटरपेक्षा जास्त अंतर नको. यात न समजण्यासारखे काय आहे?

दुसरा घात वळणावर होतो. सरळ उडताना ताशी 65 किलोमीटरला स्टॉल होणारे, म्हणजे पंखांची उचल तुटून खाली पडू लागणारे विमान उंची राखून 60 अंश बँकमध्ये (बाजूला कलवून) वळवले की 92 लाच स्टॉल होते. त्यात पाठीमागून वारा असला की जमीन भराभर मागे सरकते, वेग भरपूर वाटतो आणि थ्रॉटल मागे घेतला जातो, इंजिनाची ताकद कमी होते. वळण उरकायला रडर (शेपटीचे सुकाणू) जास्त दाबला की एक पंख आधी पडतो, विमान गिरकी घेते. 3000 फुटांवर यातून सुटता येते, 300 फुटांवर नाही. अख्खे विमान खाली उतरवणाऱ्या बॅलिस्टिक पॅराशूटलाही उघडायला उंची लागतेच. स्टॉलचे धडे मात्र सरळ उड्डाणातच उरकले जातात!

मोकळ्या जागी 500 फूट, वस्तीवर सर्वांत उंच अडथळ्याच्या वर 1000 फूट, एवढी किमान उंची राखायची हा नियम आहेच. तो पाळला जातो का, हे पाहतो कोण? तारांचे नकाशे मागितले तर वीज खाते आपल्याकडे बोट दाखवते, आपले खाते त्यांच्याकडे. मेलेल्या माणसावर दोष टाकला की फाइल बंद होते, कुणाचीच खुर्ची हलत नाही. माणसे आमची जातात. त्यांच्या घरी निरोप घेऊन आम्हीच जायचे.

वळणातला स्टॉल प्रशिक्षकासोबत, पुरेशा उंचीवर, सक्तीने शिकवा. तारांचे नकाशे प्रत्येक धावपट्टीवर लावा. आणि गोळे कोणत्या वाहिनीवर, कोणत्या तारखेला लागणार, ते या वेळी लेखी कळवा.

आपले,
हलकी विमाने उडवणारे आणि शिकवणारे नागरिक