चाळिशीनंतरचे वजन आणि चार महिन्यांचा नेम

महोदय,

वजन कमी करण्यावरचे लेख वृत्तपत्रांत सतत येतात. त्यांत ‘महिन्यात दहा किलो’ची आधीची-नंतरची छायाचित्रे असतात, आहाराचे तक्ते असतात. पण पंचेचाळिशी-पन्नाशीतला माणूस तिसऱ्या आठवड्यात हे सगळे का सोडून देतो, याचा शोध क्वचितच घेतला जातो. आहार आणि व्यायाम हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. अशा माणसाला ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणून हिणवणे आम्हाला अन्यायाचे वाटते, कारण बहुतेकदा त्याला हिशेबच चुकीचा दिलेला असतो.

खाणे एकदम कमी केले की यकृतातला आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, तेही जाते. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि माणूस हरखतो. यात चरबी थोडीच असते. एक किलो चरबी घटायला साधारण ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. रोज ४००ची तूट पाळली तरी एका किलोला एकोणीस दिवस. त्यात एखाद्या जेवणावळीत लोणचे-पापड झाले की मिठामुळे अंगात पाणी धरते आणि दुसऱ्या सकाळी काटा किलोभर वर दिसतो. तीन आठवड्यांची मेहनत फुकट गेली असे वाटते आणि डाव तिथेच मोडतो. म्हणून वजन करायचे तर सकाळी, शौचानंतर, चहाच्या आधी. आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहायची. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये.

‘वयामुळे चयापचय मंदावले’ हे वाक्यही उमेद खचवते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांनुसार शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात ऊर्जेचा खर्च वयाच्या विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो. घटतात ते स्नायू आणि दिवसभराची हालचाल. रजोनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांची चरबी पोटाकडे सरकते, ती वेगळी गोष्ट. तेव्हा वजन तेच राहून घेर वाढू शकतो.

टिकणारी उमेद लवकर दिसणाऱ्या फरकांतून येते. पहिला फरक कमरेचा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरावा, श्वास सहज सोडून, पंधरवड्यातून एकदा. पट्ट्याच्या जागी मोजले तर पोट सुटलेल्या माणसाचे माप फसवे येते. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा. दुसरा फरक गुडघ्यांचा: वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तिसरा रक्तातल्या साखरेचा. चेन्नईच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये (निष्कर्ष २००६) मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत आहार आणि चालण्यामुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. काटा अडला म्हणून चालणे बंद करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायला हवी.

आता चातुर्मास येतो आहे. चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे रोज सकाळी ‘आज मन होतंय का’ असे विचारत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० मधील अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, काहींना त्याहून पुष्कळ जास्त; मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही. चार महिन्यांत हे बसते. नेम एक किंवा दोनच घ्यावेत आणि प्रत्येकात तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: कशानंतर, काय, किती. ‘व्यायाम करेन’ हा नेम टिकत नाही. ‘रात्रीची भांडी आवरली की वीस मिनिटे चालणे’ हा टिकतो. हे दिवस पावसाचे, म्हणून बदली आधीच ठरवावी: बाहेर जाता आले नाही तर घरात किंवा जिन्यात दहा मिनिटे. पाहुणे, ताप, प्रवास यांसाठी पाच मिनिटांचा किमान नेम ठेवावा, म्हणजे खंड पडत नाही.

दुसरा नेम स्नायूंचा असावा. चहा गॅसवर ठेवला की हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस आणि भिंतीला दहा रेटे (तळहात भिंतीवर टेकून उभ्याने जोर). आठवड्यातून तीन दिवस, पंधरवड्याने दोन-दोनने वाढवत. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. नुसते चालून भागत नाही: पाऊण तासाच्या चालण्यात दीडशे-दोनशे किलोकॅलरी जातात, एका वडापावात तीनशेच्या आसपास येतात.

म्हणजे स्वयंपाकघराकडे वळावेच लागते. तेलाची पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहावी. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला तीन-सव्वातीन लिटर पुरते. पाच लागत असेल तर तूट तिथूनच काढता येते, पोळी मोजावी लागत नाही. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १६० किलोकॅलरी. उपवासाची साबुदाणा खिचडी (साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप दोन चमचे) पाचशेच्या पुढे जाते, आणि तिच्यात प्रथिने जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. वजन उतरवताना रोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिने हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. ३० ग्रॅम कोरड्या मटकीत सात, अंड्यात सहा, मोठ्या पेलाभर दुधात आठ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावे.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकाएकी उपवास किंवा ‘दोनदाच जेवण’ सुरू करू नये; साखर धोकादायक उतरू शकते. वजन हलतच नसेल तर थायरॉइड, घोरणे आणि चालू औषधे (विशेषतः स्टिरॉइड) तपासून घ्यावीत.

आपल्याला विनंती आहे की महिनाभराच्या छायाचित्रांऐवजी वर्षाने कोण कुठे आहे ते छापावे, आणि वजनाच्या प्रत्येक लेखासोबत कंबर मोजण्याची रीत द्यावी. ७५ किलोच्या माणसाचे पावणेचार किलो, म्हणजे पाच टक्के, सहा महिन्यांत उतरले तरी रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) सुधारू लागतात. ही बातमी पहिल्या पानावर छापली तरी ते आम्हाला जास्तीचे वाटणार नाही.

– काही आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट, पुणे