गावाकडे येतोस, तर मशीन असं घे

प्रिय दोस्ता,

कंपनीनं घरून काम करायला कायमची परवानगी दिली आणि दिवाळीनंतर तू आर्वीकडे परत येतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. काका-काकूंना किती आधार होईल! तू विचारलंस की लाखभराचा लॅपटॉप घ्यावा की माझ्यासारखा मिनी पीसी. फोनवर हे धड सांगून होणार नाही, म्हणून निवांत लिहितो. हे पत्रही त्याच मशीनवर, आयबसच्या इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीनं टाइप करतोय.

माझं मत आधीच सांगतो. मिनी पीसी घे आणि वाचलेल्या पैशातून चांगली बॅटरी घे. पुण्यात आपण मशीन निवडताना कोर आणि गिगाहर्ट्झ बघायचो. गावात पहिला हिशेब वॅटचा करावा लागतो, कारण लाइन गेल्यावर जे चालू राहतं त्याच्यावरच नोकरी टिकते. आणि आपल्याकडे लाइन जाते म्हणजे पंधरा मिनिटांसाठी जात नाही. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर दुसरी येऊन बसेपर्यंत वाट पाहण्यापलीकडे हातात काही नसतं.

माझ्याकडे आहे तो इंटेल एन१०० वाला. हा प्रोसेसर २०२३ च्या जानेवारीत आला. चार कोर, चारही एफिशियन्सी जातीचे, म्हणजे इंटेलच्या बाराव्या पिढीत मोठ्या कोरच्या जोडीला येतात तेच. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोरला एकदम दोन कामं देणं, नाही. टीडीपी, म्हणजे सतत काम करताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा कंपनीनं दिलेला आकडा, ६ वॅट. घरी आणला तेव्हा बाबांनी हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला अन् म्हणाले, "बाकीची मशीन कुठी ठेवली बे?" मॉनिटरच्या मागे स्क्रूनं बसवून दाखवला तेव्हा त्यांचा विश्वास बसला. रॅम, एसएसडी धरून वीस हजारांच्या आत काम झालं.

वॅटमीटर लावून मोजलंय. एडिटर उघडा असून मी नुसता वाचत बसलो असलो तर मशीन ८-१० वॅट खातं, चारही कोर भरले तरी पंचवीसच्या आत राहतं. २२ इंची मॉनिटर २० वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १० ते १५. सगळं कामाचं बिऱ्हाड ५५ वॅटच्या आसपास. आपल्या माजघरातला जुना छताचा पंखा एकटा ७५ वॅट खातो. आता इन्व्हर्टरचा हिशेब बघ. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून ९०० धर. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा जाता ७०० उरतात. ५५ वॅटचं काम आणि वर ३० वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, एवढ्यावर आठ तास निघतात. म्हणजे सकाळी लाइन गेली तरी कामाचा दिवस पार पडतो. कॉलेजातला तो मोठा कॅबिनेट आणला असतास तर दुपारच्या जेवणाआधीच इन्व्हर्टरनं शिट्टी वाजवली असती.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा तुझा मुद्दा खरा आहे. पण ती राउटरला पुरत नाही, म्हणून इन्व्हर्टर तसाही लागतोच. शिवाय लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज राहणं. आपल्या मे महिन्यात चार्जरला लावून ठेवलेल्या लॅपटॉपला दोन्ही एकदम मिळतात. मिनी पीसीत मरायला बॅटरीच नाही. कीबोर्ड गेला तर कीबोर्ड बदलायचा, एसएसडी गेली तर एसएसडी.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑन' वर ठेव. रात्री बॅटरीही संपली आणि पहाटे लाइन आली, तर मशीन आपलं आपण उठतं, लिनक्सचं सिस्टमडी सगळ्या सेवा सुरू करतं, सकाळी तू बसतोस तेव्हा सगळं तयार. असं अचानक बंद पडण्यात फाइल सिस्टम सांभाळायला ईएक्सटी४ चं जर्नल, म्हणजे बदलांची आधी ठेवलेली नोंद, आहे, पण घाईत लिहिलेला कोड सांभाळायला कमिटच, म्हणजे गिटमध्ये केलेली नोंदच लागते. दर थोड्या वेळानं कमिट करून पुश करत जा.

व्होल्टेजचं तुला माहीतच आहे. थ्री फेज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, घरातला बल्ब मिणमिणतो, फ्रिज कण्हतो. मशीनच्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे खाली उतरलेल्या व्होल्टेजचं त्याला काही वाटत नाही. भीती वर चढण्याची. न्यूट्रल सुटला की घरात भलतंच व्होल्टेज शिरतं, म्हणून एक बरा स्टॅबिलायझर आणि खरं अर्थिंग करून घे. वायरमनला सांगून खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून केलेलं, बोर्डातल्या तिसऱ्या भोकापुरतं नको. आणि मृगाच्या आधीच्या विजांत सरळ प्लग काढून ठेव.

आता उन्हाळा. यावर जास्त लिहितो, कारण मिनी पीसी विकणारा कोणीच हे सांगत नाही. पारा ४५ च्या वर गेला की कूलर चालू असताना खोली सुसह्य असते. पण कूलर इन्व्हर्टरवर चालवत नाही आपण. म्हणजे लाइन गेली की खोली तापायला लागते, आणि नेमकं तेव्हाच मशीन बॅटरीवर काम करत असतं. एन१०० ला १०५ अंशांची मर्यादा आहे, तिथे पोचण्याआधीच तो वेग कमी करून स्वतःला वाचवतो. पण एवढ्याशा खोक्यात रॅम आणि एसएसडीही शेजारीच भाजत असतात. बरेच कारखाने वेग छान दिसावा म्हणून वीजमर्यादा ६ वॅटच्या बरीच वर ठेवतात. ती आपण उतरवू शकतो. काही मशीनच्या बायोसमध्ये पीएल१ नावानं सापडते. नाही सापडली तर लिनक्समध्ये पॉवरकॅपखाली इंटेल-रॅपलची फाइल असते, तिच्यात मायक्रोवॅटमध्ये आकडा लिहायचा. १० वॅट म्हणजे १,००,००,०००. रीबूट झालं की आकडा पुसला जातो, म्हणून सिस्टमडीची छोटी सर्व्हिस करून टाकायची. मी मार्चअखेरीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत ती चालू ठेवतो. बिल्डला, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधायला, थोडा जास्त वेळ लागतो, पण टर्मिनलमध्ये सेन्सर्स लिहून पाहिलं की तापमानाचा आकडा नव्वदीवरून सत्तरीत आलेला दिसतो. तेवढ्यासाठी मला तो वेळ खुशाल चालतो.

मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नकोस. ओल्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते, आणि आपल्या बोअरचं पाणी इतकं खारं की उडालेल्या थेंबाचा पांढरा डाग बसतो. तोच डाग मशीनच्या आतल्या बोर्डावर नको.

दिवाळीनंतर दुसरा शत्रू येतो, तो म्हणजे कापूस. भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवायचा असतो ना आपल्याकडे. तुमच्या मधल्या खोलीतली ती कापसाची रास, आपण लहानपणी जिच्यावर उड्या मारायचो, तिच्यातून उडणारी बारीक तुसं दिसतही नाहीत. मशीनचा तळ उघडशील तेव्हा पंख्याच्या पात्यांमागे, हीटसिंकच्या पट्ट्यांवर करडं नमदं बसलेलं दिसेल, बोटानं अख्खं सोलून निघतं. पंखा फिरत असतो आणि हवा मात्र आत जात नाही. वेचणीच्या दिवसांत दर महिन्याला चार स्क्रू काढायचे, पंखा बोटानं धरून मऊ ब्रशनं साफ करायचा. आणि कापूस ठेवलेल्या खोलीत मशीन अजिबात नको, ठिणगीचा धोका वेगळाच.

कामाचं सांगायचं तर मी डेबियन १३ या लिनक्सवर आहे, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेलं. त्याच्यासोबत ६.१२ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आहे आणि माझ्या मशीनमधलं रिअलटेकचं वायफाय कार्ड त्यावर आपोआप चाललं. जुन्या कर्नलवर या स्वस्त कार्डांची ओरड असते. गो, पायथन, पोस्टग्रेस, पॉडमनचे चार-पाच कंटेनर, ब्राउझर, एवढं १६ जीबीत मजेत बसतं. झेडरॅम, म्हणजे रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय, चालू ठेव. इंटेल कागदावर १६ जीबीच कमाल सांगतं आणि मेमरी चॅनल एकच आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी १६ ची एक पट्टी लाव. केव्हीएम चालतं, त्यामुळे टेस्टिंगला एखादं व्हर्च्युअल मशीनही उभं करता येतं.

कर्नल बांधायचा असेल तर डिस्ट्रोच्या पूर्ण कॉन्फिगला तासापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मेक लोकलमॉडकॉन्फिग केलं की मशीनमध्ये सध्या लोड असलेलेच मॉड्यूल उरतात आणि वेळ कितीतरी उतरतो. आधी बांधलेलं जपून ठेवणारं सीकॅश लावलंस तर दुसऱ्यांदा आणखी कमी. माझी रीत अशी आहे: ओलिताची रात्रपाळी असली की मोठा बिल्ड टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये, लावून शेतावर जातो. बांधावर बसून फोनवर टर्मक्स उघडतो, मॉशनं घरच्या मशीनला जोडतो. टॉवरची रेंज येते-जाते, पण मॉशचं जोडणं तुटत नाही, रेंज आली की जिथे होतं तिथूनच पुढे. त्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन लागेल, कारण आपल्याला बाहेरून जोडता येईल असा पत्ता सहसा मिळत नाही. एक स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, मध्ये ठेवायचा, घर आणि फोन दोन्ही त्याला जोडलेले.

नेटचंही ऐक. गिट क्लोन, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडची प्रत उतरवणं, अर्ध्यात तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि मोबाइलचा रोजचा डेटा तेवढ्यात संपतो. पूर्ण इतिहास नको असेल तर डेप्थ १ नं घे. इतिहास हवा पण फाइली लागतील तशा आणायच्या असतील तर फिल्टर लावून अर्धवट क्लोन कर. लिनक्स कर्नलसाठी कर्नल डॉट ऑर्गवर क्लोन-बंडल ठेवलेलं असतं. ते साध्या फाइलीसारखं डब्ल्यूगेटला -c लावून उतरवायचं, तुटलं तर तिथूनच पुढे चालू होतं. मग त्यातून क्लोन करून फक्त ताजे बदल ओढायचे.

काय होत नाही तेही ऐकून ठेव. अँड्रॉइडचा पूर्ण सोर्स बांधायला गूगलच ६४ जीबी रॅम सांगतं, तो विषयच सोडून दे. क्रोमियमही तसंच. एलएलव्हीएम हा कंपायलरचा मोठा संच बांधलास तर लिंक करताना मेमरी फुटते, एका वेळी एकच लिंक चालू दे. तुझं काम बॅकएंडचं आहे, मोठे बिल्ड कंपनीच्या सर्व्हरवर होतात, म्हणून तुला सांगतोय घे. सी++ चे अजस्र प्रोजेक्ट रोज घरीच बांधायचे असते तर जुन्या बाजारातला आय५ ८५०० टी वाला छोटा ऑफिस पीसी बघ म्हणालो असतो. सहा कोर, रॅमच्या दोन जागा, बिल्ड चांगलाच लवकर. पण त्याचा टीडीपी ३५ वॅट, म्हणजे भरात असताना बॅटरी लवकर बसणार.

घेतल्यावर आलेलं विंडोज पुसून टाक आणि डेबियन टाकण्याआधी रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालव. स्वस्त मशीनमध्ये रॅम आणि एसएसडी बिननावाची असते. स्मार्टसीटीएलनं एसएसडीची तब्येत पाहा, शंका आली तर नागपूरच्या सीताबर्डीवरून ओळखीच्या ब्रँडची घेऊन ये आणि आतली बाहेरच्या कव्हरमध्ये घालून बॅकअपला वापर.

तुझ्यासारखा माणूस गावात राहून हे काम करतोय, हे पाहायला मला फार आवडेल. शाळेतल्या पोरांना आपण दोघं मिळून एखाद्या रविवारी लिनक्स दाखवू, मशीन पिशवीत घालून नेता येतं. तू बघतोयस त्या मॉडेलच्या अडॅप्टरवरच्या पट्टीचा फोटो पाठव. १२ व्होल्टवालंच घे, १९ चं नको, म्हणजे पुढे सोलरची बॅटरी घेतलीस की मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर टाकून थेट त्यावर चालवता येईल, इन्व्हर्टरची गळती वाचेल. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी किती जुनी आहे तेही काकांना विचारून कळव.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दारव्ह्याकडचा दोस्त